गुरुवारचं ‘नाही’

गुरुवारी कॉर्पोरेशनचं पाणी बंद,
म्हणून बुधवारी रात्रीच मी अकरा बादल्या भरून ठेवते.
आणि गुरुवारीच, साडेदहाला, जायफळ येते.

तपकिरी. एक कान दुमडलेला. गळ्यात पिवळा रुमाल.
सोबत कॅम्पातल्या मेहेरूबाई,
दारातच पायपुसण्यावर तिचे चारी पाय पुसतात.
माझ्या ओल्या फरशीची कदर असलेलं
तळजईच्या या उतारावर दुसरं कुणी येत नाही.

फिलोमिना आंटी सातपासून लिपस्टिक लावून बसलेल्या.
वसू चाळिशीचा, पण ब्रश हातात आला की
सत्तावीस फटके मोजतो, अठ्ठाविसावा मारत नाही.
पाषाणकरबाई त्या दुमडलेल्या कानात
कुठल्याशा भिशीचा हिशोब सांगतात,
लेकीलाही कधी न सांगितलेला.
जायफळ ऐकून घेते,
हप्ता कुणी बुडवला ते विचारत नाही.

राहिले ढमढेरे.
पीएमटीचे कंडक्टर. आता पायजम्याची नाडीही मीच बांधते.
स्वारगेट डेपोत कधीकाळी कुत्रं चावलेलं,
बेंबीभोवती चौदा इंजेक्शनं,
ती अजून मोजून दाखवतात, शर्ट वर करून.
खिडकीशी खुर्ची, खुर्चीवर पाय.

मेहेरूबाई सहा हात लांब थांबतात.
"ढमढेरे साहेब, आमी येऊ काय?"
"नाही."
"बरं."
मग तिथंच फरशीवर बसतात,
आणि जायफळ पुढच्या पंजांवर हनुवटी टेकून पडते.
एवढंच. दर गुरुवारी एवढंच.
मी मनात म्हणायची,
या माणसावर कशाला वेळ घालवता, बाई.

होळीनंतरच्या गुरुवारी फोन आला,
जायफळच्या पंजात काच घुसली, दोन आठवडे नाही.
फिलोमिना आंटींनी लिपस्टिक पुसली.
वसूनं ब्रश माझ्या पदरावर फिरवला, सत्तावीस वेळा.
आणि संध्याकाळी गोळ्या देताना
ढमढेरे म्हणाले,
"आज मला कुणी विचारलं नाही."

काय विचारायचं होतं, म्हटलं.
"ते. येऊ का म्हणून."
"पण तुम्ही तर नाहीच म्हणता."
"हां. म्हणतो ना."

पाणी प्यायले, कुशीवर वळले.
मी रिकामा पेला घेऊन उभी.
सदतीस वर्षं हा माणूस लोकांना विचारत आला,
कुठं? किती? सुट्टे आहेत का? पुढं सरकता का जरा?
आणि इथं आल्यापासून
तोंड उघडा, हात वर, कूस बदला.
आठवड्यातून एकच प्रश्न यायचा वाट्याला,
नाही म्हटलं तरी चालणारा.

शुक्रवारी सकाळी मी विचारलं, आंघोळ घालू का?
"नाही."
आली का पंचाईत! पाणी कढत, माणसं अकरा, हात दोन,
नऊला सिस्टरचा राउंड.
"बरं," म्हटलं, आणि वसूकडे वळले.
परत आले तोवर पाणी कोमट.
"आता?"
त्यांनी माझ्याकडे पाहिलं, सुट्टे मोजून घ्यावेत तसं.
"चला."

रोज जमत नाही. खोटं कशाला सांगू.
कधी तांब्या आधी उपडा होतो, प्रश्न मागून येतो.

जायफळ आली पुन्हा, किंचित लंगडत,
पिवळा रुमाल धुऊन फिका झालेला.
"ढमढेरे साहेब, येऊ काय?"
"नाही," ते म्हणाले, खणखणीत,
डबल बेल मारल्यासारखं,
आणि एक पाय खुर्चीवरून खाली सोडला.

जायफळनं शेपूट एकदा फरशीवर आपटली.
मेहेरूबाई म्हणाल्या, "बरं."